अंगणातल्या लॉनमधला लव्हाळा: तो उपटून का जात नाही आणि कशाने जातो

विदर्भातल्या खेड्यांत गेल्या काही वर्षांत घरांचे रूप बरेच बदलले आहे. कवेलूच्या घराच्या जागी स्लॅबचे घर आले आणि शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जागी, निदान फाटकापासून ओसरीपर्यंतच्या पट्ट्यात, लॉन आले. नर्सरीतून चौकोनी तुकड्यांत आणलेले हे गवत उन्हाळाभर बोअरच्या पाण्यावर तग धरते, आणि मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की आठवड्याभरातच त्यातून चकचकीत, टोकदार आणि लॉनपेक्षा चांगली बोटभर उंच पाती वर येतात. घरधनी ती उपटतो, चार-सहा दिवसांनी तिथेच नवे कोंब दिसतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात मूळ गवत कोणते आणि आगंतुक कोणते हे सांगणे कठीण होऊन बसते.

हा दोष बहुतेक वेळा निगराणीचा नसतो. वावरात निंदण करताना जी पद्धत कामी येते तीच अंगणात वापरली जाते, आणि या एका वनस्पतीच्या बाबतीत ती पद्धत उलटी पडते. तसे का होते हे कळण्यासाठी आधी ही वनस्पती नेमकी कोणती आणि तिचे बस्तान कुठे असते, हे पाहावे लागेल.

तण आणि आक्रमक तण

नको त्या जागी उगवलेली कोणतीही वनस्पती म्हणजे तण. तुरीत उगवलेले ज्वारीचे ताटही त्या अर्थाने तणच असते. ‘आक्रमक’ हा शब्द मात्र काळजीपूर्वक वापरायला हवा. जी वनस्पती दुसऱ्या प्रदेशातून आली, इथे तिला आवरणारे कीटक किंवा रोग नसल्यामुळे बेसुमार पसरली आणि इथल्या वनस्पतींना किंवा माणसांना अपाय करू लागली, तिला शास्त्रज्ञ आक्रमक परकीय वनस्पती म्हणतात. गाजरगवत हे त्याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. ते मूळचे अमेरिका खंडातले असून, पन्नाशीच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज विदर्भातला एकही गावरस्ता त्याच्यावाचून सापडत नाही.

लॉनमधला प्रमुख उपद्रवी मात्र परका नाही. लव्हाळा, ज्याला काही भागांत मोथा किंवा नागरमोथा म्हणतात, तो भारतात पूर्वापार आहे आणि त्याच्या वाळलेल्या सुगंधी गाठी औषधात व उटण्यात वापरल्या जातात. तरीही जगभरातल्या तणांचा धांडोळा घेऊन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये जी क्रमवारी मांडली, तीत पहिला क्रमांक लव्हाळ्याचा होता. गंमत अशी की दुसरा क्रमांक हरळीचा, म्हणजे गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वांचा होता, आणि अनेक लॉन मुळात हरळीच्याच निवडक वाणांचे असतात. तेव्हा परकीय की देशी हा प्रश्न जंगलासाठी महत्त्वाचा असला, तरी अंगणापुरता वेगळा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी आहे: आपण लावलेल्या गवताला ही वनस्पती कोणत्या मार्गाने हटवते आहे?

देठ बोटांत फिरवून पाहा

लॉनमध्ये शिरलेली हिरवी पाती लांबून सारखीच दिसतात, म्हणून बसून, एक देठ बुंध्याशी चिमटीत धरून ओळख करून घ्यावी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये देठ फिरवला असता तो तीन कडांवर अडखळत फिरला आणि कडा बोटांना स्पष्ट जाणवल्या, तर तो लव्हाळा समजावा. खऱ्या गवताचा देठ गोल किंवा चपटा असतो, त्यावर ठरावीक अंतराने गाठी असतात आणि दोन गाठींमधला भाग बहुतेक वेळा पोकळ असतो. लव्हाळ्याचा देठ त्रिकोणी, भरीव आणि गाठींशिवाय सरळ असतो. पानेही गवतासारखी समोरासमोर दोन रांगांत येत नाहीत. ती तीन दिशांना फुटतात, त्यांच्या मधोमध खोलगट पन्हळ असते आणि पृष्ठभाग मेण चोळल्यासारखा चमकतो. तुरा तांबूस-जांभळट तपकिरी रंगाचा असतो, पण तो दिसेपर्यंत थांबणे म्हणजे हंगाम हातचा घालवणे होय.

या ओळखीचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. लव्हाळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत नाहीच. तो मोथ्याच्या वेगळ्या कुळातला आहे. लॉनचे गवत एका कुळातले आणि तण दुसऱ्या कुळातले असल्यामुळे एकाला धक्का न लावता दुसऱ्याला मारणे निदान शक्य कोटीत येते. हरळी शिरली असेल, तर ही सवलत मिळत नाही.

मातीखालची कणगी

ओळख पटल्यावर एक रोप उपटू नये, सब्बल किंवा लांब खुरप्याने त्याच्या भोवतीची वीतभर माती ढेकळासकट उचलावी आणि ते ढेकूळ पाण्याच्या बादलीत ठेवून हलकेच विरघळू द्यावे. काळी माती सुटायला वेळ घेते, पण ती सुटली की वरच्या कोंबाच्या तळाशी कांद्यासारखी लहानशी फुगलेली गाठ दिसते. तिच्यातून तारेसारखे बारीक, चिवट, तपकिरी धागे आडवे निघालेले असतात, आणि त्या धाग्यांवर अंतराअंतराने हरभऱ्यापासून करवंदाएवढ्या काळपट, खरबरीत गाठी ओवलेल्या असतात. काही धागे अजून पांढरे आणि मऊ असतात; त्यांच्या टोकांना नव्या गाठी आकार घेत असतात. हे धागे म्हणजे जमिनीखालून सरपटणारी खोडे आहेत आणि गाठी म्हणजे कंद. बहुतेक कंद वरच्या वीतभर मातीत असतात, काही फूटभर खोलही सापडतात.

लव्हाळ्याचे बी फार क्वचित रुजते. त्याचा सारा प्रपंच या कंदांवर चालतो, आणि कंद म्हणजे घरातली धान्याने भरलेली कणगी होय. वरचा कोंब उपटला की तारेसारखा धागा तुटतो, कोंब हातात येतो आणि कणगी जिथल्या तिथे भरलेली राहते. त्यातले धान्य काढून कंद नवा कोंब वर पाठवतो. एकेका कंदावर अनेक डोळे असतात आणि एक परिपक्व कंद दहा-बारा वेळाही फुटू शकतो. म्हणून उपटल्यावर चार दिवसांत ‘पुन्हा उगवला’ असे जे वाटते, ते खरे तर उगवणे नसते. साठ्यातून झालेला खर्च असतो.

साखळीची आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. टोकाचा कंद फुटलेला असतो तेव्हा तो आपल्या मागच्या कंदांना बराच काळ झोपवून ठेवतो. साखळी तुटली की प्रत्येक सुटा कंद जागा होतो आणि स्वतःचा कोंब काढतो. एका ठिकाणी एक रोप होते, ते हिसका देऊन उपटले आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी चार रोपे दिसली, याचे कारण एवढेच असते.

तो अंगणात आला कुठून

बी रुजत नसेल तर लव्हाळा भिंतीआडच्या अंगणात येतो कसा, असा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक घरधन्यांना आवडत नाही: तो आपणच आणतो. लॉनखाली पसरण्यासाठी ट्रॉलीभर काळी माती कुणाच्या तरी वावरातून किंवा तळ्याच्या गाळातून येते, तिच्यात कंद असतात. नर्सरीतल्या लॉनच्या तुकड्यांना चिकटलेली माती, शोभेच्या रोपांच्या काळ्या पिशव्या, उकिरड्यावरचे अर्धवट कुजलेले शेणखत, यांपैकी कशातूनही ते येऊ शकतात. मातीची खात्री करायची असेल तर उपाय अगदी साधा आहे. ट्रॉली रिकामी करण्याआधी दोन-तीन जागांची माती एका घमेल्यात घ्यावी, ती ओलवून उबदार जागी पंधरा दिवस ठेवावी आणि वर काय येते ते पाहावे. घाई असलेला ट्रॅक्टरवाला यासाठी थांबणार नाही हे खरे; म्हणूनच माती उन्हाळ्यात, लॉन लावण्याच्या बऱ्याच आधी मागवावी.

एकदा आलेला कंद ओल शोधतो. लॉनमध्ये लव्हाळा सर्वांत आधी आणि सर्वांत दाट कुठे दिसतो हे पाहिले, तर उन्हाळाभर कूलरचे पाणी जिथे गळते तो कोपरा, नळाच्या तोटीखालची जागा आणि मोरीच्या पाण्याची वाट या तीन जागा हमखास सापडतील. गळती थांबवणे हा तणनियंत्रणाचा उपाय आहे असे कुणाला वाटत नाही, पण तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उपटायचा, पण वेळ धरून

कंदात साठा आहे म्हणून उपटणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. नव्या कोंबाची पहिली काही पाने साठ्यातले धान्य खाऊन वाढतात. साधारण पाच-सहा पाने झाली की पाने स्वतः कमावू लागतात आणि मिळकत खाली पाठवतात. कोंब वर आल्यापासून चार ते सहा आठवड्यांत नवे कंद धरू लागतात. म्हणजे रोपाला पाच-सहा पाने येण्याआधी, पावसाळ्यात साधारण दर दोन ते तीन आठवड्यांनी, प्रत्येक कोंब काढत गेल्यास कंदाचा फक्त खर्च होतो आणि जमा काहीच होत नाही. असे सलग केले तर साठा संपतो. मध्येच पोळ्याच्या किंवा सोंगणीच्या धावपळीत महिनाभर दुर्लक्ष झाले, तर रिकामी होत आलेली कणगी पुन्हा भरते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. लव्हाळ्याशी चाललेल्या बहुतेक लढाया उपायाच्या चुकीपेक्षा या एका खंडामुळे हरल्या जातात, असे माझे मत आहे.

काढण्याची रीतही महत्त्वाची आहे. कोरड्या, कडक जमिनीतून कोंब ओढला तर तो जमिनीच्या पातळीलाच तुटतो. पाऊस पडून गेल्यावर किंवा आदल्या संध्याकाळी पाणी देऊन, बारीक खुरप्याचे टोक कोंबाशेजारी सरळ खाली घालून, बुंध्याची फुगीर गाठ आणि जमल्यास खालचा कंद यांसकट तो उचलावा. लॉन फारसे विस्कटत नाही. रोपे मोजकी असतील तेव्हाच हे काम हातून होते. दोन गुंठे लॉन लव्हाळ्याने भरल्यावर खुरपे घेऊन बसणे म्हणजे मजुरी वाया घालवणे आहे.

दुसरा आधार लॉनच्या गवताचाच घ्यायचा असतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दाट गवताच्या तळाशी अंधार राहिला तर त्याचे कोंब रोडावतात. आपल्याकडे मात्र लॉन जितके बारीक कापलेले तितके देखणे, असा समज लग्नसमारंभांच्या लॉनमुळे पसरला आहे, आणि यंत्र खाली टेकवून गवत मुंडले की उघडी पडलेली जमीन लव्हाळ्याच्या उपयोगी पडते. एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये, आणि रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. वरचा थर सतत ओला राहिला नाही, तर खोल मुळांचे गवत टिकते आणि लव्हाळ्याची सोय कमी होते.

रोटाव्हेटर मारून टाकला तर?

हा पहिला आक्षेप शेतकऱ्याकडूनच येतो, आणि तो गैर नाही, कारण वावरात तण फारच माजले की जमीन उलथण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु रोटाव्हेटर साखळ्यांचे तुकडे करतो, झोपलेले कंद सुटे करतो आणि ते साऱ्या अंगणभर पसरवतो. जमीन ओली असेल किंवा आठवड्याभरात पाऊस येणार असेल, तर हे काम लव्हाळा पेरण्यासारखेच ठरते.

उन्हाळी नांगरणीचा परिणाम मात्र वेगळा होतो, कारण कंद वाळला की मरतो. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा जमीन खोल उलथून ढेकळे तशीच तापू दिली, त्यांना पाण्याचा थेंबही लागू दिला नाही आणि मध्ये एकदा उलटून पुन्हा तापवली, तर वर आलेले कंद मोठ्या प्रमाणात वाळून मरतात. तेव्हा यंत्र तेच असले तरी मेमध्ये ते उपयोगी आणि जुलैमध्ये घातक ठरते. अर्थात ज्या जागी लॉन आधीच लावलेले आहे, तिथे हा मार्ग बंद असतो.

मीठ, उकळते पाणी आणि काळे प्लास्टिक

मोबाइलवर फिरणाऱ्या घरगुती उपायांत मीठ सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. मिठातले सोडियम काळ्या चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करते. मग पाणी मुरत नाही, जमीन वाळल्यावर दगडासारखी होते आणि ओली असताना चिखल सोडत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या आणि जमिनीच्या पट्ट्यात, राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लव्हाळा हटवण्यासाठी आपल्याच अंगणात छोटा खारपाणपट्टा तयार करण्यात शहाणपण नाही. उकळते पाणी आणि व्हिनेगर वरची पाने करपवतात, वीतभर खालच्या कंदापर्यंत त्यांचा परिणाम पोहोचत नाही.

प्लास्टिकच्या बाबतीत गोष्ट जरा वेगळी आहे. मिरचीच्या बेडवर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर इतर बहुतेक तणे अडवतो, परंतु लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि अंधारात तो मिटलेलाच राहत असल्यामुळे पेपर भोसकून वर येतो. पारदर्शक पॉलिथिनखाली मात्र कोंबाला उजेड मिळतो, त्याची पाने उघडतात, उघडलेली पाने प्लास्टिक भोसकू शकत नाहीत आणि तिथेच उष्णतेने करपतात. म्हणून नवे लॉन लावण्याआधी उन्हाचा वापर करायचा असेल, तर पॉलिथिन पारदर्शकच हवे.

त्याची रीत अशी: एप्रिलच्या मध्यावर जागा सपाट करून भरपूर पाणी द्यावे, पंचवीस ते पन्नास मायक्रॉन जाडीचे पारदर्शक पॉलिथिन जमिनीला चिकटून बसेल असे ताणून अंथरावे, त्याच्या चारही कडा मातीत गाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे ते हलवू नये. ओली माती कोरडीपेक्षा उष्णता खाली चांगली नेते, म्हणून आधी पाणी द्यायचे असते. वरच्या काही सेंटिमीटर मातीचे तापमान पन्नास अंशांपुढे जाते आणि तिथले कंद मरतात, खोलवरचे वाचतात. त्यामुळे पॉलिथिन काढल्यावर लगेच लॉन अंथरण्याची घाई करू नये. मृगाच्या पावसाने उरलेले कंद फुटू द्यावेत, ते काढावेत, दुसरी फूट येऊ द्यावी, तीही काढावी, आणि मग जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये गवत लावावे. दीड-दोन महिने उघडे अंगण पाहावे लागते, पण हा उशीर पुढे वर्षानुवर्षांचे खुरपणे वाचवतो.

तणनाशकाविषयी थोडे सावधपणे

जे रसायन एका प्रकारच्या वनस्पतीला मारते आणि दुसरीला फारसा धक्का लावत नाही, त्याला निवडक तणनाशक म्हणतात. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे असे रसायन भारतात ऊस-मक्यासारख्या पिकांकरिता मिळते, आणि परदेशात ते लॉनमध्येही वापरले जाते. ते पानांतून कंदाकडे जाते, त्यामुळे परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. फवारणीच्या आधी व नंतर काही दिवस लॉन कापायचे नसते, कारण औषध शोषायला पाने हवीत. मात्र डब्यावरच्या लेबलात कोणते पीक आणि किती मात्रा लिहिली आहे ते वाचूनच, आणि लेबलात लॉन नसेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारूनच पुढचा निर्णय घ्यावा. एका फवारणीत काम संपत नाही. झोपलेले कंद नंतर फुटतातच.

ग्लायफोसेटची गोष्ट वेगळी आहे. ते हिरवे दिसेल ते मारते, म्हणजे लॉनही मारते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित करणारा आदेश काढला. पॅराक्वाट पाने तेवढी जाळते, कंदाला काही होत नाही, आणि ते पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. ज्या अंगणात मुले खेळतात आणि कोंबड्या फिरतात तिथे त्याचा विचारही करू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या भागात तरी हे पुन्हा पुन्हा सांगण्याची वेळ येऊ नये.

कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाने आणखी एक गोष्ट जपायची आहे. लॉनमधली रुंद पानांची तणे मारण्यासाठी टू-फोर-डी सुचवले जाते. पराटी, म्हणजे कापसाचे झाड, या रसायनाला कमालीची नाजूक आहे; वाऱ्याबरोबर गेलेल्या तुषारांनी किंवा वाफेनेसुद्धा तिची पाने चिरून भेंडीच्या पानांसारखी अरुंद होतात आणि पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळतात. अंगणाच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे पराटीचे वावर असेल, तर लॉनमधल्या चार रोपांसाठी हे औषध बाहेर काढू नये. ते वापरलेला पंप नीट न धुता पराटीवर चालवल्यानेही तेवढेच नुकसान होते, म्हणून तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे बरे.

हरळी, कुंदा आणि गाजरगवत

मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून विकत घेतलेल्या लॉनमध्ये धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हरळी शिरली, तर लव्हाळ्याचे उपाय लागू पडत नाहीत. हरळी खरे गवत आहे. जमिनीवरून तिचे वेल धावतात, पेरापेराला मुळे धरतात, आणि जमिनीखालूनही तिची खोडे पसरतात. पान जिथे देठाला मिळते तिथे बारीक पांढऱ्या केसांचा झुबका दिसतो आणि तुरा बोटे फाकल्यासारखा तीन ते सहा फाट्यांचा असतो. गवतातून गवत वेगळे काढणारे भरवशाचे औषध घरगुती वापरासाठी नाही. त्यामुळे तिला आत येऊ न देणे हाच खरा उपाय: लॉनच्या कडेने वीतभर खोल चर काढून त्यात विटा किंवा फरशीचे तुकडे उभे गाडावेत आणि त्यांवरून येणारे वेल दर पंधरवड्याला विळ्याने तोडावेत.

कुंदा हे गवत काळ्या जमिनीचे जुने दुखणे आहे. त्याची जमिनीखालची खोडे वखराच्या लोखंडी पासेच्या आवाक्याबाहेर जातात, आणि ज्या वावराचा अंगणासाठी तुकडा पाडला त्यात कुंदा असेल तर लॉन लावण्याआधीच उन्हाळ्यात खोल खणून ती खोडे वेचून काढावी लागतात. गाजरगवताचे त्या मानाने सोपे आहे. ते एका हंगामाचे झाड आहे, जमिनीखाली कणगी नाही. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटले की विषय संपतो. फुले आल्यावर मात्र एकेक झाड हजारो बिया टाकते, आणि त्याच्या परागांमुळे अनेकांना अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगे १९८३ मध्ये भारतात आणले गेले. पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी झालेली दिसली, तर ती बहुधा त्यांचीच करामत असते. तिथे फवारणी करून त्यांना मारू नये.

एवढा खटाटोप करायचा तर लॉन कशाला?

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. जिथे मे महिन्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे शोभेच्या गवतावर बोअर चालवणे कुणालाही खटकेल. मोकळी जागा हवी, धूळ उडू नये आणि लेकरांना खेळायला मऊ जमीन मिळावी, एवढीच गरज असेल, तर आपल्याच धुऱ्यावरची हरळी आणून लावणे सर्वांत शहाणपणाचे आहे. ती उन्हाळ्यात पाण्यावाचून पिवळी पडते, पण मरत नाही. पहिल्या पावसाने पुन्हा हिरवी होते, आणि विकतच्या नाजूक वाणांपेक्षा लव्हाळ्याला अधिक नेटाने टक्कर देते. कडुनिंबाच्या दाट सावलीखाली मात्र तीही विरळ होते. तिथे गवताचा हट्ट सोडून फरशी किंवा मुरूम टाकावा. हरळीची कांडे आणताना मुळांची माती तिथेच झटकावी आणि बादलीत धुऊन मगच ती लावावीत, नाहीतर धुऱ्यावरचा लव्हाळाही तिच्याबरोबर यायचा.

उपटलेला लव्हाळा टाकायचा कुठे

खुरपून काढलेले कोंब आणि कंद सवयीने उकिरड्यावर जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच खत वावरात आणि परसबागेत पसरते. उकिरड्याच्या मधल्या भागात उष्णता चांगली तयार होते, पण कडेचे आणि वरचे कंद ओलीवर जिवंत राहतात. नालीत टाकले तर पाण्याबरोबर ते शेजाऱ्याकडे पोहोचतात. कंदांसह काढलेला लव्हाळा स्लॅबवर किंवा पत्र्यावर पातळ पसरून कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळू द्यावा. पावसाळ्यात ऊन मिळत नसेल तर तो खताच्या प्लास्टिकच्या पोत्यात बांधून कोरड्या जागी ठेवावा आणि उघडीप मिळाली की वाळत घालावा. गाठ नखाने दाबल्यावर आत पांढरी व ओलसर लागत असेल तर ती अजून जिवंत आहे असे समजून पुन्हा उन्हात टाकावी; ठणठणीत वाळलेल्या गाठी चुलीत घालाव्यात.